जमीन असेल तर अनुदान, जमीन नसेल तर कर्ज : सावदा, रोजगार हमी आणि मजुराचा धंदा

१/
रोजगार हमीच्या मजुरांवर एक आरोप वर्षानुवर्षे होत आला आहे : सरकारची मजुरीही घेतात आणि वर स्वतःचा धंदाही चालवतात. सकाळी भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई दुपारी नालाबांधाच्या कामावर दिसली, की गावातील शहाणी माणसे मान हलवतात. या आरोपाच्या मुळाशी एक जुने गृहीतक आहे. मदत घेणाऱ्याने मदत संपेपर्यंत रिकाम्या हातांनी बसावे. हातात काही दिसले, की तो लबाड.

२/
हे गृहीतक कोणी जन्माला घातले, कायद्यात त्याला आधार आहे काय, आणि ते नेमके भूमिहीनालाच का लावले जाते, हा या धाग्याचा विषय. सुरुवात सावद्यापासून करावी लागते. स्वतःच्या कष्टाने उभारलेली गोष्ट सरकारने हिशेबात धरावी की धरू नये, हा वाद खानदेशात पहिल्यांदा जोरात पेटला तो तेथेच.

३/
सावदा आज रावेर तालुक्यातील केळीचे गाव म्हणून ओळखले जाते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या पट्ट्यात काळी जमीन आणि विहिरींवरची बागायत. १७६३ मध्ये हा मुलूख निजामाकडून पेशव्यांकडे आला आणि लवकरच सरदार रास्त्यांकडे गेला. इंग्रजी अमलात सावदा हे काही काळ स्वतंत्र तालुक्याचे ठाणे होते. बाजारपेठ जुनी, वस्ती दाट, जमीन कसदार. अशा मुलखावर सारा ठरवणाऱ्यांची नजर लवकर जाते.

४/
१८५२ मध्ये खानदेशात जमीनमोजणीचे काम सुरू झाले. मोजणी म्हणजे नवा सारा, हे शेतकऱ्यांना सांगावे लागले नाही. सावद्याला दहा ते पंधरा हजार माणसे जमली. साधने, साखळ्या आणि मोजणीदार यांच्याविरुद्ध उभा राहिलेला हा जमाव पांगवणे स्थानिक अधिकाऱ्यांना जमले नाही. लष्कराची तुकडी आली, म्होरके पकडले गेले, तेव्हा दंगा शमला. १८५७ च्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. शालेय पुस्तकांत तिला जागा नाही, आणि सावद्याच्या चौकातही तिची कोणतीही खूण नाही.

५/
जमावात सगळे एकाच मताचे नव्हते, हे उघड आहे. पाटील-देशमुखांना आपले हक्क जाण्याची धास्ती होती, कुणब्यांना सारा वाढण्याची. पण विहिरींच्या मुलखात साऱ्याची धास्ती जास्त बोचते, याचे कारण साधे आहे. ज्याने कर्ज काढून विहीर खोदली, मोट बसवली, त्याची जमीन मोजणीदाराला अधिक चांगली दिसणार. म्हणजे कष्ट केल्याची शिक्षा साऱ्याच्या रूपाने भोगायची.

६/
ही तक्रार सरकारला अखेर पटली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम १०७ ने ठरवले, की फेरआकारणी करताना कब्जेदाराने स्वतःच्या पैशाने व श्रमाने केलेली सुधारणा जमेस धरायची नाही. विहीर त्याची, फायदा त्याचा. कर घेणाऱ्या सरकारने जमीनवाल्या माणसाला दिलेली ही कबुली होती : तू आपल्या बळावर उभा राहिलास म्हणून तुझ्यावरचा बोजा वाढवणार नाही.

७/
हे तत्त्व नीट लक्षात ठेवावे. कारण त्याच दशकात, त्याच मुंबई इलाख्यात, त्याच सरकारने जमीन नसलेल्या माणसाला नेमका उलट नियम लावला.

८/
१८७६-७८ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा इतकी खाली आणली. पुणे सार्वजनिक सभेने विरोध केला. १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांचा संप! मजुरी कमी होती हा एक भाग. दुसरा भाग होता अंतराच्या कसोटीचा : काम घरापासून दहा मैलांपलीकडे हवे. म्हणजे मजुराने घर, गुरे, शेजार आणि असेल तो लहानसा व्यवसाय सोडून छावणीत येऊन राहायचे.

९/
अंतर हे काही नियोजनाच्या गैरसोयीतून आले नव्हते. हेतू उघड होता. ज्याला खरोखरच दुसरा आधार उरलेला नाही तोच दहा मैल चालत येईल, असा तो हिशेब. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहितांनी काही कठोरपणा कमी केला, पण कसोटीची कल्पना टिकवली. तिचे मूळ इंग्लंडच्या १८३४ च्या गरिबांच्या कायद्यात आहे : मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब स्वतंत्र मजुराहूनही वाईट असली पाहिजे, नाहीतर लोक मदतीला सोकावतील. खडी फोडण्याचे काम निवडले गेले तेही यामुळेच. खडी कोणाला हवी होती हा प्रश्न दुय्यम होता.

१०/
छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, खानदेशाने हे सारे पुन्हा पाहिले. सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल सरकारी कामावर यायला तयार नव्हते, ही अधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. ते आळशी आहेत, असे निदान सोपे होते. जंगलातला मोह, डिंक, लाकूडफाटा, आणि त्यावरचा आठवडी बाजार सोडून छावणीत जाणे म्हणजे दुष्काळ संपल्यावर परत येण्याजोगे काहीच न उरणे, हे निदान कोणी फारसे केले नाही.

११/
एक अपवाद मात्र झाला, आणि तो महत्त्वाचा आहे. विणकरांच्या हातांना खडी फोडणे मानवत नाही, हात बिघडले की तो माणूस दुष्काळानंतरही बेकार राहतो, हे १८९६-९७ नंतर मान्य होऊ लागले. विणकराला त्याच्या मागावरच काम द्यावे, सूत द्यावे, कापड घ्यावे, असा मार्ग १८९८ च्या दुष्काळ आयोगाने योग्य मानला, आणि सोलापुरात अशी मदत दिलीही गेली. मदत घेत असताना माणूस आपला धंदा चालू ठेवू शकतो, एवढेच नव्हे तर तसे करणे सरकारलाही स्वस्त पडते, हे ज्ञान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. ते नवे शोधून काढण्याची गरज नव्हती.

१२/
दरम्यान जमीनवाल्यांसाठी काय झाले? १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा, १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा. तगाई. विहीर, बांध, बैल, बी-बियाणे यांसाठी सरकारी कर्ज. तगाईची कथा काही सुखाची नाही, वसुलीचे चटके खानदेशातही बसले. तरीही फरक पाहावा : एकाला संकटाच्या वर्षी भांडवल, दुसऱ्याला खडी.

१३/
सावद्याच्या शेजारचे फैजपूर. २७ व २८ डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. इतिहासप्रेमींना हे अधिवेशन टिळकनगरच्या बांबूच्या देखाव्यासाठी आणि नंदलाल बोस यांच्या सजावटीसाठी ठाऊक असते. त्याचा शेतीविषयक कार्यक्रम मात्र कमी वाचला जातो. सारा कमी करा, खंड कमी करा, कर्जवसुली थांबवा, सहकारी शेतीला उत्तेजन द्या... आणि एका कलमात शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन. तेवढेच. खानदेशाच्या मातीत उभे राहून राष्ट्रीय चळवळीनेही मजुराकडे पाहिले ते वेतन मागणारा माणूस म्हणून. तो उद्या काही सुरू करू शकेल, ही शक्यता त्या कार्यक्रमात दिसत नाही.

१४/
आता महाराष्ट्राचे श्रेय. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी १९६० च्या दशकात आपल्या परिसरात प्रयोग केले आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे एक साधी कल्पना मांडली : गावात ज्याला अंगमेहनतीचे काम हवे त्याला ते सरकारने द्यावे, दुष्काळ असो वा नसो. १९७२ मध्ये योजना आली आणि लगेच महादुष्काळाने तिला गाठले. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. सुकडी आणि मिलो ज्वारीच्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा अजून घरोघरी आहेत.

१५/
१९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, ते न मिळाल्यास बेकारी भत्ता, तेव्हा दिवसाला किमान एक रुपया. पैसा येणार होता शहरातून : १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक जो व्यवसाय कर भरतात, तो याच योजनेसाठी सुरू झाला. मुंबईच्या पगारपत्रकातून कापलेल्या रकमेने खानदेशातला बांध घातला जावा, अशी ती रचना. भारतात दुसऱ्या कोणत्याही राज्याने तोवर हे केले नव्हते.

१६/
या कायद्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, यात आहे. मजुराची मिळकत किती, त्याच्याकडे हातगाडी आहे का, घरी शिलाई मशीन आहे का, हे त्यात विचारलेले नाही. अट एकच : प्रौढ व्यक्ती, ग्रामीण भागातील, अकुशल अंगमेहनतीस तयार. काम घराजवळ देण्याचा प्रयत्न करायचा. टेंपल यांची दहा मैलांची कसोटी इथे उलटी केली गेली.

१७/
२००५ च्या राष्ट्रीय कायद्यानेही तेच धोरण पुढे नेले. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा. भत्त्याचा हक्क कधी जातो? काम दिले आणि ते नाकारले, पंधरा दिवसांत हजर झाला नाही, आठवड्याहून अधिक विनापरवानगी गैरहजर राहिला, की तीन महिने भत्ता बंद. घरात पापड लाटून विकले म्हणून भत्ता जातो, असे एकही कलम नाही.

१८/
म्हणजे पहिल्या परिच्छेदातील भाजीवाली बाई कायद्याने निर्दोष आहे. मान हलवणारी शहाणी माणसे १९७७ आणि २००५ चे कायदे सांगत नसतात. ती अजाणता १८७७ चे टेंपल सांगत असतात. (भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हाती पडला, हा भाग निराळा. न मिळालेल्या भत्त्यावर चैन केल्याचा आरोप हा तर विनोदच.)

१९/
येथवर कथा चांगल्या दिशेने जाते. पुढे वळण आहे.

२०/
१९८८ पासून जवाहर विहिरी : रोजगार हमीच्या पैशातून लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात विहीर. १९९० मध्ये फळबाग लागवड : रोजगार हमीशी जोडून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर आंबा, डाळिंब, चिकू, बोर, सीताफळ, आवळा. खड्डे खोदण्याची मजुरी सरकारची, रोपे-खतांचा मोठा भाग सरकारचा, आणि खड्डा खोदणारा मजूर बहुधा त्या शेताचा मालकच. बागेचे उत्पन्न सर्वस्वी त्याचे. सरळ भाषेत सांगायचे तर बेकारीच्या मजुरीतून स्वतःचा धंदा उभारण्याची ही सरकारमान्य वाट होती.

२१/
ती यशस्वी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाखो हेक्टर कोरडवाहू जमीन बागेखाली आली. महाराष्ट्राचे डाळिंब आज परदेशात जाते, यात त्या योजनेचा वाटा आहे. कागदावरच्या विहिरींच्या कथाही महाराष्ट्राला नव्या नाहीत, पण त्या कथांनी योजना बंद पडली नाही. तपासणी वाढवली गेली, हप्ते झाडे जगण्याशी बांधले गेले. तसेच व्हायला हवे होते. आणि विशेष म्हणजे फळबागवाल्या शेतकऱ्याला कोणी कधी विचारले नाही, की सरकारची मजुरीही घेतोस आणि वर बागही लावतोस?

२२/
जग याच सुमारास याच वाटेने जात होते. फ्रान्सने १९८० च्या आसपास धंदा सुरू करणाऱ्या बेकारांना मदत देऊ केली. ब्रिटनमध्ये १९८३ पासून देशभर योजना आली : बेकारी भत्ता घेणाऱ्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केल्यास वर्षभर आठवड्याला चाळीस पौंड. स्पेनने १९८५ मध्ये बेकाराला उरलेला भत्ता एकरकमी भांडवल म्हणून घेण्याची सोय केली. थॅचरबाईंचे सरकार गरिबांवरच्या प्रेमासाठी प्रसिद्ध नव्हते. बेकारांचा अधिकृत आकडा कमी दिसावा हा त्यामागचा एक हेतू होता, अशी टीका तेव्हाच झाली, आणि ती चुकीची नव्हती. तरीही त्या चाळीस पौंडांवर उभ्या राहिलेल्यांत ॲलन मॅगी आहेत. पुढे त्यांच्याच क्रिएशन रेकॉर्ड्सने ओएसिस हा बँड जगापुढे आणला.

२३/
ब्रिटिश योजनेत एक अट होती : अर्जदाराकडे हजार पौंड असल्याचे दाखवावे लागे. बेकाराने हजार पौंड आणायचे कोठून? अनेकांनी नातलगांकडून उसने घेतले, बँकेला दाखवले आणि परत केले. ब्रिटनमध्ये जे स्थान हजार पौंडांचे, ते महाराष्ट्रात सात-बाराचे. फरक इतकाच, की सात-बारा एका दिवसासाठी उसना मिळत नाही.

२४/
येथे सावदा पुन्हा येते, आणि जरा गमतीने येते. १९९० च्या त्या फळबाग योजनेच्या यादीत केळीच नव्हती. सावदा, रावेर, यावल, निंभोरा, सारा पट्टा केळीवर जगतो. सावदा आणि रावेर स्थानकांतून वॅगन भरून उत्तर भारतात जातात, ही जुनी ओळख. पण रोजगार हमीच्या लेखी फळ म्हणजे वर्षानुवर्षे उभे राहणारे झाड. केळीला फळाचा दर्जा द्या, अशी मागणी जळगाव जिल्हा अनेक वर्षे करत राहिला. बाहेरच्या माणसाला ती मागणी विनोदी वाटे. केळे फळ नाही तर काय भाजी आहे? अखेर २०२२-२३ च्या राज्य अर्थसंकल्पात केळी, द्राक्ष, ड्रॅगन फ्रूट इत्यादींचा रोजगार हमीतील फळबाग लागवडीत समावेश करण्यात आला.

२५/
बागायतदाराची लढाई अशी बत्तीस वर्षांनी जिंकली गेली, आणि ती योग्यच होती. प्रश्न त्या बागेतल्या दुसऱ्या माणसाचा आहे. केळीचा घड कापणारा, तो खांद्यावर उचलून बांधावर आणणारा, ट्रक भरणारा. पिले काढणारी, खत देणारी बाई. सातपुड्याच्या पायथ्याहून आलेली तडवी आणि पावरा कुटुंबे. केळीला फळाचा दर्जा मिळाला तेव्हा त्यांच्या जॉब कार्डावर काय बदलले? काहीच नाही. स्वतःच्या जमिनीवरचे काम करायला जमीन लागते.

२६/
२००५ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वैयक्तिक कामांची तरतूद आहे, हे मान्य करायलाच हवे. अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालील, लहान व अत्यल्प भूधारक यांना प्राधान्य. अट अशी, की कुटुंबाकडे जॉब कार्ड हवे आणि घरातील एकाने तरी त्या कामावर राबावे. शेळ्यांचा निवारा, कोंबड्यांची शेड, गोठा, हेही त्यात बसते. पण नीट पाहावे. शेड मिळते, शेळी मिळत नाही. आणि शेडला जागा लागते, जी गावठाणाच्या कडेला दोन पत्र्यांच्या खोलीत राहणाऱ्याकडे नसते.

२७/
उलट बाजूला, ज्यांच्याकडे जॉब कार्ड नाही किंवा जे त्या कायद्यात बसत नाहीत, अशा शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना काढली. कोकणाबाहेर सहा हेक्टरांपर्यंत, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के. जमीन असली की एका योजनेतून निसटलेला माणूस दुसरीत पकडला जातो. अशी काळजीवाहू व्यवस्था भूमिहीनाच्या वाट्याला कधी आली?

२८/
भूमिहीनासाठीही योजना आहेत, असे उत्तर लगेच येईल. खरे आहे. १९८३ ची सुशिक्षित बेरोजगारांची स्वयंरोजगार योजना, २ ऑक्टोबर १९९३ ची पंतप्रधान रोजगार योजना, २००८ ची रोजगार निर्मिती योजना, राज्याची बीज भांडवल योजना, ‘उमेद’चे बचत गट. यातल्या प्रत्येकीचा कणा कर्ज आहे. काही भाग अनुदान, स्वतःचा हिस्सा आधी, बाकी बँकेचे कर्ज, व्याज, हप्ता. बँक मॅनेजर तारण विचारणार नाही असे परिपत्रक सांगते. मॅनेजर काय विचारतो ते गावाला ठाऊक असते.

२९/
म्हणून चित्र असे दिसते. जमीन असेल तर अनुदान, जमीन नसेल तर कर्ज. जमीनवाल्याची बाग वाळली तर पुढचा हप्ता मिळत नाही, पण घेतलेले परत मागत नाहीत. भूमिहीनाची टपरी बुडाली तर हप्ता सुटत नाही. जोखीम पेलण्याची ताकद ज्याच्याकडे कमी, त्याच्याच माथी ती टाकली जाते. आणि तो मजुरीवर परत गेला, की त्याला ‘सरकारी मजुरीवर जगणारा’ म्हणतात.

३०/
एक उदाहरण घ्यावे. सावदा-फैजपूर रस्त्यावर केळीच्या वेफर्सच्या टपऱ्या दिसतात. कच्ची केळी, किसणी, मोठी कढई, गॅस, तेल, मीठ-मिरची आणि पिशव्या. धंदा लहान, पण माल दाराशी पिकतो. घड निवडताना बाजूला पडणारी केळी स्वस्तात मिळते. याच पट्ट्यातील शंभर दिवस रोजगार हमीवर जाणाऱ्या कुटुंबाची २०२४-२५ मधील मजुरी, दिवसाला २९७ रुपयांप्रमाणे, २९,७०० रुपये होते. हीच रक्कम, त्याच सरकारने, त्याच कुटुंबाला, शंभर दिवस स्वतःच्या कढईपुढे उभे राहण्यासाठी दिली तर? सरकारचा एक रुपयाही जास्त जात नाही.

३१/
आक्षेप पहिला : याची मोजणी कशी करणार? बांध मोजता येतो, खड्डा मोजता येतो. उत्तर : झाडे जगली का, हे वर्षाअखेरीस जाऊन पाहतात आणि मगच पुढचा हप्ता देतात. टपरी चालू आहे का, हे पाहणे त्याहून सोपे आहे. ती रस्त्यावर असते.

३२/
आक्षेप दुसरा अधिक गंभीर आहे. रोजगार हमीच्या कामातून सार्वजनिक मालमत्ता उभी राहिली पाहिजे. पाझर तलाव, रस्ता, बांध. वेफर्सच्या टपरीतून गावाला काय मिळाले? हा आक्षेप १९८८ पर्यंत बिनतोड होता. पण ज्या दिवशी पहिली जवाहर विहीर खाजगी शेतात खोदली गेली, त्या दिवशी राज्याने तो सोडून दिला. खाजगी विहिरीतले पाणी सार्वजनिक नसते. ते योग्य मानले, तर कढई अयोग्य कशी? एक तर दोन्ही बंद करावीत, किंवा दोन्ही चालू ठेवावीत.

३३/
तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण बागेच्या बांधावर तो ऐकू येतो : मजूर धंदा करायला लागले, तर केळी कापायला येणार कोण? हा मात्र खरा आक्षेप आहे, कारण तो प्रामाणिक आहे. १९७० च्या दशकातही रोजगार हमीला मोठ्या शेतकऱ्यांचा हाच विरोध होता. हमीची मजुरी मिळू लागली की शेतातली मजुरी वाढवावी लागते. दहा मैलांच्या कसोटीने मजूर धंद्यापासून तुटला, बिनतारणाच्या नावाखालच्या कर्जाने तो धंद्याला घाबरला, आणि या आक्षेपाच्या धास्तीने सरकारने त्याला कधी बोलावलेच नाही.

३४/
सावद्याच्या १८५२ च्या जमावाकडे या नजरेने पुन्हा पाहता येते. त्यांची मागणी विहीर फुकट मिळावी अशी नव्हती. खोदलेल्या विहिरीची शिक्षा होऊ नये, एवढीच होती. त्यांना लष्कर भेटले, आणि सत्तावीस वर्षांनी कलम १०७ भेटले. त्या जमावात केवळ सारा भरणारेच होते, की त्यांच्या मोटा हाकणारे सालदारही होते, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. सालदाराचे नाव मोजणीच्या कागदावर येण्याचे कारणच नव्हते.

३५/
आज फळबाग लागवडीच्या अर्जासोबत जी कागदपत्रे मागतात त्यांत सात-बारा, आठ-अ, जॉब कार्ड आणि बँक पासबुक असते. यांतली शेवटची दोन केळी कापणाऱ्या बाईकडे आहेत.